वन्सं, दगड वाचू नका!

मूळ बेत दादाचा. अकरा वर्षांपूर्वी तो जिनिव्हाला राहायला गेला, तेव्हापासून दर दिवाळीच्या फोनवर एकच टुमणं: "एकदा तळ्यापासून समुद्रापर्यंत सायकलने जायचं, मधले सगळे घाट घेत." तळं म्हणजे लेमाँ, आपण ज्याला जिनिव्हाचं सरोवर म्हणतो ते. समुद्र म्हणजे नीसचा. मधल्या रस्त्याला फ्रेंच लोक 'रूत दे ग्राँद आल्प' म्हणतात, थोरल्या आल्प्सचा रस्ता. तिथल्या तूरिंग क्लबने १९०९ च्या सुमारास ही कल्पना उचलून धरली आणि १९३७ मध्ये इझराँची खिंड खुली झाली, तेव्हा कुठे तो डोंगराडोंगरातून सलग झाला. शेवटी मी सुट्टी टाकली, व्हिसा काढला, तिकीट काढलं, आणि जूनमध्ये दादाच्या गुडघ्याने मान टाकली.

"मग मी येते," वहिनी म्हणाली.

वहिनी बावन्न वर्षांची. रोज ऑफिसला सायकलने जाते, बाकी स्पर्धा नाही की क्लब नाही. मी पुण्यात तीन बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, पुऱ्या केलेल्या, एका सकाळी सिंहगड दोनदा चढलेली. मनात म्हटलं, हिला आता सांभाळून न्यावं लागणार. तेव्हा असं खरंच वाटलं होतं.

आईचा वेगळाच मुद्दा. "गौरी-गणपती आटोपले, आता पितृपक्ष लागेल. पितृपक्षात कुणी डोंगर चढायला जातं का?" मी समजावलं की सप्टेंबरात तिकडची गर्दी ओसरते, हॉटेलं स्वस्त होतात आणि घाट अजून उघडे असतात. उंचावरचे घाट ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फाने बंद होतात ते थेट मे-जूनमध्ये उघडतात. तिला त्यातलं 'स्वस्त' तेवढं पटलं.

पहिला दिवस: तोनों ते क्ल्यूज, ६० किमी

जिनिव्हाहून लोकलने तोनोंला उतरलो. वहिनीने तळ्यात बोटं बुडवली, मी चाक बुडवलं, दादाने फोटो काढला आणि तोंड पाडून परतीच्या गाडीत बसला.

ड्रांस नदीच्या घळीतून रस्ता हळूहळू वर येतो. लेजे गावाजवळ अकराशे-बाराशे मीटरपर्यंत चढून पलीकडे उतरतो. सुंदर आहे, पण अजून घाट नाही. क्ल्यूज हे आर्व्ह नदीच्या खोऱ्यातलं गाव. एकेकाळी घड्याळांचं होतं, आता स्क्रू आणि बारीक सुटे भाग कातण्याचं. रात्री वहिनीने पिशवीतून दशम्या आणि दाण्याची चटणी काढली. जिनिव्हात, गुळाच्या, दुधात भिजवून केलेल्या. मी ऊर्जेच्या जेलची पंधरा पाकिटं आणली होती, ती मुकाट्याने पिशवीतच ठेवली.

दुसरा दिवस: कोलोंबिएर, आरावी, सेझी, ९० किमी

इथे दगड भेटले.

फ्रान्समधल्या नावाजलेल्या घाटांत दर किलोमीटरला रस्त्याकडेला एक दगड किंवा तशीच पाटी असते. त्यावर घाटाचं नाव, तिथली उंची, माथा किती किलोमीटर राहिला आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती टक्के, हे सगळं लिहिलेलं. सायकलवाल्यांसाठीच लावलेलं आहे. मला पहिल्या दोन दगडांना गहिवरून आलं. आपल्याकडे ताम्हिणीत काय, वरंध्यात काय, 'घाट संपला' ही पाटीसुद्धा घाट संपल्यावर अर्ध्या किलोमीटरने येते!

तिसऱ्या दगडापासून गहिवर ओसरला. ल रपोझ्वार गाव सुटलं की माथ्यापर्यंत सात-साडेसात किलोमीटर उरतात, आणि ते आठ-नऊ टक्क्यांचे. आपल्या घाटांत चढ असतो, पण तो अर्ध्या-पाऊण तासात आटपतो. दम धरून, दात-ओठ खाऊन, उभं राहून पॅडल मारून माणूस वर येतो. इथे तसं केलं की दहाव्या मिनिटाला हिशेब चुकता होतो आणि पुढे दीड तास उरतो. कोलोंबिएरचा शेवट तर फारच वाईट. माथ्यावरचं हॉटेल दोन-अडीच किलोमीटर आधीपासून समोर दिसत राहतं, आणि जवळ येत नाही. दगड सांगतो १० टक्के.

"नऊ झाले, आता दहा," मी धापा टाकत सांगितलं.

एरवी वहिनी माझ्याशी अगं-तुगंने बोलते, पण टोमणा मारायचा असला की तिला माझं नणंदपण आठवतं. "वन्सं, दगड वाचू नका," ती म्हणाली. आणि गेली पुढे.

तिची गंमत अशी की ती पोटासाठी दिवसभर आकडेच तपासते. कंपन्यांचे हिशेब. पण घाटात एकही दगड वाचत नाही. सायकलवरचा मीटरही तिने टोपीने झाकून ठेवला होता. त्याऐवजी ती पाढे म्हणते. तिच्या आजोबांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकीपासून सगळं घोटून घेतलं होतं. एकोणतिसाच्या पाढ्याला पॅडल बरोबर बसतं, असं तिचं म्हणणं. "पाढा संपतो गं, म्हणून बरा. दगडावरचा आकडा संपत नाही."

माथा १६१३ मीटर, म्हणजे कळसूबाईला ३३ मीटर कमी. उतरून ल ग्राँ-बोर्नाँ गावात कॉफी घेतली. महिलांच्या टूर द फ्रान्स ह्या सायकलशर्यतीचा २०२४ चा शेवटचा टप्पा ह्याच गावातून सुटून आल्प द्यूएझला संपला होता. पोलंडची काशा न्येव्हियादोमा अवघ्या चार सेकंदांनी ती टूर जिंकली. आठ टप्पे, नऊशेवर किलोमीटर, आणि चार सेकंद. मी कॉफीला त्याहून जास्त वेळ फुंकर घालत होते.

रब्लोशाँ चीज ह्याच खोऱ्यांतलं. इथले शेतकरी जमीनदाराला दुधाच्या मापावर खंड भरायचे. मोजायला माणूस आला की गाय अर्धीच पिळायची, आणि तो वळला की उरलेलं दूध काढायचं. हे दुसऱ्या धारेचं दूध जास्त सायीचं. त्याचं हे चीज आणि 'पुन्हा पिळणे' यावरूनच त्याचं नाव. वहिनीला हे इतकं आवडलं की तिने अख्खी चकती घेतली. "करचुकवेगिरीचा पुरावा आहे," म्हणाली, "खाऊन टाकू."

आरावी (१४८६ मीटर) सोपा गेला. संध्याकाळी सेझीने मात्र माझे पाय काढून घेतले. साधारण १६५० मीटर, म्हणजे कळसूबाई ओलांडली, पण आनंद करायला अंगात काही नव्हतं. बोफोर गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. त्या दिवसाचा एकूण चढ २४०० मीटरच्या आसपास.

तिसरा दिवस: कोर्मे द रोझलाँ, ४० किमी

अंतर कमी म्हणून उशिरा निघालो आणि पावसात सापडलो.

चढ झाडीतला, शांत. वीस किलोमीटरच्या चढात बाराशे मीटरपेक्षा थोडं जास्त. दोन तृतीयांश झाल्यावर एकदम धरण समोर येतं आणि रस्ता तळ्याच्या काठाने सपाट होतो. पाण्याचा रंग पावसातही निळसर-हिरवा. ह्या पाण्याखाली रोझलाँ नावाचं गाव आहे. काठावर एक छोटं दगडी देऊळ, म्हणजे चॅपेल, उभं आहे ते बुडालेल्या गावातल्या देवळाची आठवण म्हणून नव्याने बांधलेलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवाचं देऊळ वर येतं ते मला आठवलं. आमच्या आजोळची जमीन तिकडचीच. वहिनी बराच वेळ पावसात तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "इथे निदान वर आणून तरी ठेवलाय देव."

माथा १९६८ मीटर. वर चार अंश. पलीकडचा उतार वीस किलोमीटरचा, ओला, अरुंद, एका अंगाला ओढ्याची दरी. १९९६ च्या टूरमध्ये योहान ब्रॉयनेल ह्याच उतारावर वळण चुकून थेट दरीत गेला होता. कॅमेऱ्यासमोर नाहीसा झाला, आणि जरा वेळाने स्वतःच वर चढून आला, सायकलवर बसला. त्या प्रसंगाची चित्रफीत मी निघण्यापूर्वी पाहायला नको होती. सबंध उतार मी दोन्ही ब्रेक दाबूनच उतरले, आणि ओल्या उतारावर सतत दाबलेल्या डिस्क ब्रेकचं जे होतं तेच झालं. शेवटच्या पाच किलोमीटरला लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. मागचे पॅड संपले होते.

बूर-सँ-मोरीसमधलं सायकलचं दुकान दुपारच्या जेवणासाठी बंद. पुण्याच्या माणसाने ह्याबद्दल कुणाला बोलू नये. अडीचला उघडलं. मालकाने पॅड हातात घेतला, उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि वहिनीला फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं. वहिनीने भाषांतर केलं: "ब्रेक हे थांबायला असतात, भ्यायला नाहीत." वळणाआधी जोरात दाबायचा, वळणात सोडायचा, चकतीला मधेमधे गार होऊ द्यायचं, हे त्याने हातवारे करून दोनदा शिकवलं. वाचून मला ते दहा वर्षांपासून माहीत होतं.

चौथा दिवस: इझराँ, ८१ किमी

बूर-सँ-मोरीस ८४० मीटरवर, इझराँचा माथा २७६४ वर. मध्ये ४८ किलोमीटर. पुण्याहून तासाभरात जिथे पोचतो असा कुठलाही घाट मनात धरावा, तो इथे सपाटीतच संपतो. आल्प्समध्ये एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरणाऱ्या डांबरी खिंडींत ही सर्वात उंच.

पहाटे साडेसहाला निघालो. सुरुवात सौम्य, झाडीतून, मग तीन्यचं धरण. इथेही गाव बुडालंय. १९५२ मध्ये, लोक शेवटपर्यंत हटायला तयार नसताना. तळ्याच्या बाजूने व्हाल दिझेरपर्यंत ओळीने बोगदे आणि हिमकड्यांपासून आडोसा देणाऱ्या छपरांचे पट्टे आहेत. ओले, काळोखे, आणि मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज भिंतींवर आदळून दसपट होतो. मागचा लाल दिवा नसेल तर इथे येऊच नये. सगळ्या प्रवासात मला भीती वाटली ती ह्या बोगद्यांची; दरीची नाही.

व्हाल दिझेर म्हणजे बर्फाच्या मोसमात श्रीमंतांचं आणि सप्टेंबरात कुणाचंच नाही. अर्धी दुकानं बंद, क्रेन, सिमेंटचे ट्रक. सूप आणि पाव खाल्ला. तिथून माथा १६ किलोमीटर, त्यातले खरे कठीण शेवटचे तेरा.

आणि मी दगड वाचत होते. १३, साडेसहा टक्के. १२, सात. ११. प्रत्येक दगडाला भागाकार: ताशी आठच्या वेगाने दगड साडेसात मिनिटांनी यायला हवा. आठ मिनिटं झाली, साडेआठ झाली, म्हणजे वेग पडला, म्हणजे आणखी जोर. सातव्या दगडाला डोळ्यांपुढे काजवे चमकले, हात थरथरायला लागले आणि मी रस्त्याकडेच्या गवतात बसले. गिअर तर केव्हाच संपले होते. पुढच्या चाकीला ३४ दात, मागच्या चाकीला ३४, त्याहून हलका गिअर नव्हता. खायला विसरले होते, इतकं साधं कारण. हिशेबाच्या नादात सूप प्यायल्यावर तासभर तोंडात काही टाकलं नव्हतं, आणि हे मला, नवशिक्यांना दर वीस मिनिटांनी खा म्हणून सांगणाऱ्या बाईला!

वहिनी वरच्या वळणावरून परत खाली आली. परत खाली! कमावलेली उंची कुणासाठी सोडून देणं काय असतं ते सायकलवाल्यालाच कळेल. तिने काही न बोलता अर्धी दशमी हातात दिली. मग शेजारी बसून समोरच्या उतारावरचे मार्मट दाखवत राहिली. मांजराएवढे गुबगुबीत प्राणी, दगडावर दोन पायांवर उभे राहून शिट्टी मारतात. दहा मिनिटांनी म्हणाली, "आता माझ्या मागच्या चाकाकडे बघ. दुसरं काही बघायचं नाही."

पुढचे सात किलोमीटर मी तिच्या मागच्या चाकाला लागलेला वाळलेल्या चिखलाचा एक ठिपका फिरताना पाहिला. त्यापलीकडचं इझराँ मला आठवत नाही. वर बर्फाची भुरभुर होती, पाटीवर २७७० लिहिलं होतं, आणि सहा मीटर फुकट मिळाले म्हणून आम्ही हसलो एवढं आठवतं.

माथ्यावर एक दगडी चॅपेल आहे, १९३९ मधलं. नाव 'नोत्र-दाम द तूत प्र्युदाँस', म्हणजे सर्व सावधगिरीची माउली. घाट नवा झाला की त्याच्या माथ्यावर देव बसवायचा ही रीत इथेही आहे. बोर घाटात शिंगरोबा, इगतपुरीच्या वाटेवर घाटनदेवी, इथे ही. दार बंद होतं. वहिनीने बाहेरूनच नमस्कार केला, मीही केला. समोर उतार होता आणि ब्रेकचे पॅड नवे होते.

आम्ही चढून आलो त्याच उत्तरेच्या उतारावर २६ जुलै २०१९ ला टूर थांबवली गेली होती. माथ्यावरून एगान बेर्नाल आघाडीवर गेला, आणि खाली गारपिटीने रस्त्यावर चिखलाचा लोंढा आलेला. स्पर्धा तिथेच थांबवून माथ्यावरच्या वेळा धरल्या, त्यात एकूण आघाडीची पिवळी जर्सी बेर्नालकडे आली आणि तो टूर जिंकणारा पहिला कोलंबियन ठरला. आम्हाला चिखल नाही, फक्त वारा लागला. बॉनव्हालला दगडी छपरांची बुटकी घरं, चिमण्यांतून धूर. लाँसल्बूरला पोचेपर्यंत बोटांना क्लिपचं बकल काढता येईना. हॉटेलच्या आजीबाईंनी हेल्मेट काढून दिलं.

पाचवा दिवस: मोरिएन खोरं आणि तेलेग्राफ, ५७ किमी

ह्या दिवसाबद्दल सायकलवाले फार लिहीत नाहीत. चाळीस किलोमीटर उतार, मोठा रस्ता, कारखाने, महामार्ग, आणि दुपारनंतर खोऱ्यातून वर वाहणारा वारा, म्हणजे उतारावरही पॅडल मारायचं. मला मात्र हा दिवस आवडला, त्याचं कारण मुंबईची टपाल.

लाँसल्बूरहून एक फाटा माँ सनी खिंडीकडे, इटलीत जातो. १८६८ ते १८७१ अशी तीन वर्षं ह्या खिंडीवरून चक्क आगगाडी धावत होती. सँ-मिशेलपासून लाँसल्बूर करत, रस्त्याच्याच कडेने, वर दोन हजार मीटरच्या पुढे आणि पलीकडे सूझाला. जॉन फेल नावाच्या इंग्रजाने दोन रुळांच्या मध्ये तिसरा रूळ आडवा बसवला होता. इंजिनाची जादा चाकं त्याला दोन्हीकडून चिमटा घेऊन चढायची. हा खटाटोप कशासाठी, तर मुख्यतः लंडनहून हिंदुस्थानात जाणारी टपाल लवकर पोचावी म्हणून. पत्रांच्या थैल्या ह्या घाटातून इटलीत, ब्रिंदिसी बंदरात, तिथून बोटीने मुंबईकडे. १८७१ मध्ये मोदानजवळचा फ्रेज्यूसचा बोगदा खुला झाला आणि फेलची गाडी मोडीत निघाली.

म्हणजे कुणा साहेबाचं मुंबईतल्या कचेरीला आलेलं पत्र ह्याच रस्त्याने गेलेलं. आम्ही ते टपालाच्या उलट दिशेने उतरत होतो, ताशी तीसने, तोंडावर वारा घेत. वहिनी म्हणाली, "पत्र चढावरून आलं आणि आपण उतारावरून चाललोय, तरी दमतेस."

सँ-मिशेलहून तेलेग्राफचा चढ बारा किलोमीटरचा, सात टक्क्यांच्या आसपास, आणि शेवटपर्यंत एकसारखा. ह्याला मी घाटांतला सज्जन म्हणेन. दगड वाचले, पण मोठ्याने नाही.

सहावा दिवस: गालिबिए, ५४ किमी

गालिबिएबद्दल इतकं बोललं जातं की मी थोडी संशयानेच गेले. संशय फिटला.

व्हालवार गाव १४०० मीटरवर. तिथून सतरा-अठरा किलोमीटर. पहिले नऊ-दहा उघड्या खोऱ्यातून सरळ, गायींच्या घंटा ऐकत. मग प्लाँ लाशा नावाच्या जागी रस्ता पुलावरून उजवीकडे वळतो आणि डोंगराला भिडतो. झाड एक नाही. वरचे वळसे दिसत राहतात, आणि त्यांवर मुंगीएवढी माणसं. वाटेत मार्को पांतानीचं स्मारक आहे. १९९८ च्या टूरमध्ये त्याने पावसात इथून हल्ला चढवला आणि उल्रिखला मागे टाकून ती टूर जिंकली. स्मारकापाशी लोकांनी टोप्या आणि बाटल्या ठेवलेल्या. उत्तेजकांचं प्रकरण आणि त्याचा एकाकी शेवट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ठेवतात. मी काही ठेवलं नाही, पण पुढेही पटकन जाता आलं नाही.

माथ्याच्या किलोमीटरभर खाली जुना बोगदा आहे. त्यात सायकलींना बंदी. १९११ मध्ये टूर पहिल्यांदा इथे आली तेव्हा सायकली त्यातूनच जायच्या. १९७६ मध्ये तो धोक्याचा झाला म्हणून बंद केला, आणि माथ्यावरून नवा रस्ता काढावा लागला. बोगदा पुढे दुरुस्त होऊन मोटारींना उघडला. आमच्यासारख्यांच्या वाट्याला आला तो शेवटचा, नऊ-दहा टक्क्यांचा किलोमीटर. २६४२ मीटर. कळसूबाईवर जवळपास एक हजार मीटर रचले की गालिबिए.

वर उभं राहिलं की उत्तरेकडे हिरवं आणि दक्षिणेकडे भुरकट, असा मधोमध भांग पाडलेला दिसतो. १८६० पर्यंत ही सरहद्द होती. अलीकडे सव्हॉय, पलीकडे फ्रान्स. समोर मेइज शिखराचं बर्फ लखलखत होतं. वहिनीने हॉटेलातून उचललेलं कालचं वर्तमानपत्र जर्सीत छातीवर सरकवलं. उतारावर वारा अडवायला ह्याच्याइतकं चांगलं अजून काही निघालेलं नाही. मीही दोन पानं मागितली, तर तिने क्रीडापान स्वतःकडे ठेवून मला मृत्युवार्तांचं दिलं. आईचा पितृपक्ष असा पोचला.

लोतारे खिंडीवरून ब्रियाँसाँ गावापर्यंत जवळजवळ नुसती उतरण.

सातवा आणि आठवा दिवस: इझोआर, वार, आणि मेक्सिकोचे पैसे

इझोआर (२३६० मीटर) शांतपणे चढलो. माथ्यापलीकडे दोन किलोमीटरवर कास देझेर्त लागतं: पिवळसर भुकटीचा डोंगरउतार आणि त्यातून उभे राहिलेले दगडांचे सुळके, वारुळांसारखे. फाउस्तो कोप्पी आणि लुईझाँ बोबे या जुन्या सायकलवीरांच्या स्मृतीची पाटी तिथेच एका कड्याला आहे. माझ्या मते सगळ्या रस्त्यातली बघण्याची जागा हीच. बर्फाची शिखरं आल्प्समध्ये कुठूनही दिसतात.

वार खिंडीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ती चढताना वहिनीचं पोट बिघडलं. मी चीजकडे बोट दाखवलं, तिने पुराव्याअभावी आरोप फेटाळला.

झोझिएला पोचून संध्याकाळी बार्सेलोनेतला टॅक्सीने गेलो. डोंगरातल्या एवढ्याशा गावात एकदम मोठमोठे बंगले, कमानी, रंगीत काचा. एकोणिसाव्या शतकात इथली पोरं कापडाच्या धंद्यासाठी मेक्सिकोला गेली, पैसा केला, आणि त्यांतल्या काहींनी परत येऊन हे वाडे बांधले. कोकणात मुंबईच्या पैशाचं चिरेबंदी घर असतं आणि आत एकटी म्हातारी, तसंच काहीसं. बऱ्याच खिडक्या बंद होत्या.

नववा दिवस: बोनेत, ५० किमी

झोझिएच्या पाटीवर बोनेतला युरोपातला सर्वात उंच रस्ता म्हटलंय. ते खरं नाही. स्पेनमधला व्हेलेताचा रस्ता त्याहून बराच उंच जातो. खिंड आहे २७१५ मीटरवर, म्हणजे इझराँपेक्षा कमीच. पण वर शिखराला वळसा घालणारा एक फेरा काढलाय, तो २८०२ पर्यंत जातो. कुठेही पोचत नाही, निघतो तिथेच परत येतो. इझराँची जिरवण्यासाठी घातलेली प्रदक्षिणाच ती.

चोवीस किलोमीटर, सोळाशे मीटर. वहिनी आदल्या रात्री नीट जेवली नव्हती. बाराव्या किलोमीटरपर्यंत पाढे ऐकू येत होते, मग बंद झाले. झाडी केव्हाच संपलेली. एका छोट्या तळ्यापाशी ती थांबली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा तिने विचारलं, "किती राहिलं?"

मी दगड पाहिला. नऊ होते.

"सात," मी म्हटलं.

पुढच्या दगडाला तिने विचारलं, मी सहा सांगितलं. मग पाच. वरच्या पडक्या लष्करी बराकींपाशी आल्यावर सांगितलं, तीन. तिने सायकल थांबवली. "मगाशी तळ्यापाशी सात होते. तिथपासून आपण तासभर चाललोय, ताशी सहाने. तुझ्या हिशेबाने एकच उरायला हवा, तू तीन म्हणतेस. नऊ होते ना तिथे?"

चोरी पकडली गेली. आकडे न बघणाऱ्या बाईच्या डोक्यात सगळा मेळ चालूच होता तर.

"वन्सं," ती म्हणाली, "खोटी नोंद करायची तर शेवटपर्यंत एकाच मापाने करावी. आता खरं सांगत चला."

मग मी प्रत्येक दगड खरा वाचून दाखवला. शेवटच्या फेऱ्याला दहा टक्क्यांच्या वर चढ, मुरमाड काळा उतार, विरळ हवा. आम्ही दोघी आळीपाळीने पुढे होत, शंभर-शंभर मीटर करत चढलो. फेदेरिको बाआमोंतेस १९६२ आणि १९६४ अशा दोन्ही वर्षी हा माथा सर्वांत आधी ओलांडून गेला. २००८ मध्ये जॉन-ली ऑगस्टिन पहिला आला आणि उतारावर वळण चुकून मुरमावरून घसरत गेला. माणूस वर आला, सायकल खालीच राहिली. आम्हाला २४ किलोमीटरला तीन तास पस्तीस मिनिटं लागली. वर एक डच जोडपं कॅम्पर-व्हॅनमध्ये चहा करत होतं. त्यांनी न विचारता दोन कप पुढे केले. साखर वहिनीने चार चमचे घातली.

दहावा दिवस: सँतेत्येन ते नीस, ९० किमी

तिने नावाच्या नदीच्या घळीतून लालसर कड्यांमधून खाली, खाली. दर तासाला एकेक कपडा उतरवत. आधी हातमोजे, मग विंडचीटर, मग बाह्या. ऑलिव्हची झाडं दिसायला लागली. शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर वार नदीच्या पात्राकडेने, गोदामं, सिग्नल, ट्रक. विमानतळाशी समुद्र लागला.

नीसच्या किनाऱ्याला वाळू नाही, गोटे आहेत. पॅडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांनी त्यावर चालणं बोनेतपेक्षा अवघड. तशाच कपड्यांनिशी पाण्यात बसलो. नंतर जुन्या गावात 'सोक्का' खाल्ला. हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलातलं, भट्टीत भाजलेलं, वरून मिरी. म्हणजे बेसनाचं धिरडं. वहिनीने कागदात ठेचा हवा होता म्हणत तीन संपवले.

दादाचा फोन आला. "एकूण चढ किती झाला?"

वहिनीने मीटरवरची टोपी काढली. तिच्यात १२,७४०. माझ्यात १३,२०५. दोन्ही यंत्रं हवेच्या दाबावरून उंची मोजतात, आणि पावसात, वाऱ्यात त्यांचं बिनसतं. दादा म्हणाला, सरासरी घ्या. दोघींनीही नकार दिला. मी माझा आकडा लावून धरला. वहिनीचं म्हणणं, इझराँला माझ्यासाठी ती एक वळण खाली उतरून पुन्हा चढली होती, ते तिच्यात जास्त धरायला हवं, आणि तरीही तिचाच आकडा कमी आलाय, तेव्हा खोटं कुणाचं यंत्र बोलतंय ते उघड आहे.

जिनिव्हाच्या गाडीत व्हालाँसपर्यंत हेच चाललं होतं.